मोकळ्या जागांचा हिशेब

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली एस.टी. बुटीबोरी मागे टाकून पुढे आली, की माझे डोळे आजही आपोआप केळझरची टेकडी शोधू लागतात. टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे, जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत, पायऱ्यांचे कुंड आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि गाडाभर अन्न फस्त करणाऱ्या बकासुराला भीमाने मारले ते इथेच, अशी गावाची श्रद्धा. विदर्भातल्या अष्टविनायकांत या गणपतीची गणना होते. चतुर्थीला टेकडी माणसांनी फुलून जाते. वर उभे राहिले, की दूरवर बोरच्या जंगलाची रांग, खाली कपाशी-तुरीचे शिवार, शिवाराला चिरत जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या एका टोकाला पन्नासेक किलोमीटरवर नागपूर.

हा रस्ता आता चौपदरी झाला आहे. माझ्या लहानपणी तो सावलीतून जात असे. चिंचा आणि कडुनिंब दोन्ही बाजूंनी वाकून एकमेकांना भेटायचे. ती झाडे कोणी लावली हे कोणालाच ठाऊक नव्हते. लावणारा केव्हाच गेला होता आणि सावली मात्र आमच्या वाट्याला आली होती. रस्ता रुंद व्हायला हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेकडीवर उभा राहिलो, की एक प्रश्न पाठ सोडत नाही. आणखी पन्नास वर्षांनी या गावातल्या पोराने खेळायचे कुठे, म्हाताऱ्याने टेकायचे कुठे, देवाला आलेल्या माणसाने शिदोरी सोडायची कुठे, हे आज कोणत्या कागदावर लिहिलेले आहे? ग्रामपंचायतीचा आराखडा वर्षाचा, फार तर पाच वर्षांचा. तेवढ्यात चिंचेला धड सावलीसुद्धा धरत नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन एक दाढीवाला स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानातल्या शहरांच्या गल्ल्याबोळांतून पायी हिंडत होता. मद्रास, तंजावर, ठाणे, सुरत, लखनौ, इंदूर. आणि आपले नागपूरसुद्धा. पॅट्रिक गेडिस हे त्यांचे नाव. नगररचनेच्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच वर्षी भेटते. बाकीच्या आपल्याला ते फारसे भेटत नाही, आणि ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला ही तारीख वेगळी सांगायला नको. अर्थात गांधीजी त्यानंतर पंधरा वर्षांनी जन्मले. वडील सैन्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि भाविक. पर्थ गावाजवळच्या टेकडीवर बापलेक फिरायला जात. गाव वरून पाहायचे, नदी कुठून येते आणि कुठे वळते ते पाहायचे, मग खाली उतरायचे, ही सवय तिथली. पोराने पोटापाण्याला लागावे म्हणून वडिलांनी त्याला बँकेत चिकटवले. दीडेक वर्ष त्यांनी तिथे खतावण्या लिहिल्या आणि मग रामराम ठोकला. मी स्वतः आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. त्यामुळे हा तपशील वाचताना मला प्रथम हसू आले, मग थोडा हेवा वाटला. पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही बँकेतली खोड बहुधा त्यांच्या अंगात राहिली असावी. पुढे त्यांनी आयुष्यभर मोजमाप केले, फक्त ते पैशांचे नव्हते.

लंडनला हक्स्ली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे डोळे बांधून बसावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला याहून मोठी शिक्षा कोणती? खिडकीच्या तावदानांवरून बोटे फिरवताना त्यांना एक युक्ती सुचली. एकेक चौकोन म्हणजे एकेक कल्पना; शेजारच्या चौकोनाशी तिचे नाते काय, वरच्याशी काय, खालच्याशी काय. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे झेपेना. त्यांनी मग डोळे वर उचलले. जीव आणि त्याचा परिसर यांचे नाते पाहायचे तर माणूस हाही जीवच, आणि शहर हा त्याचा परिसर.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एडिंबरोचा जुना भाग तेव्हा बकाल झाला होता. पैसेवाले नव्या वस्तीत निघून गेले होते आणि मागे राहिल्या होत्या अंधाऱ्या, कोंदट चाळी. हे नवविवाहित जोडपे नवी वस्ती सोडून त्या चाळीत राहायला गेले. भिंतींना चुना लावला, खिडकीत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. हळूहळू शेजाऱ्यांनीही हातात कुंचले घेतले. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. पाहुण्याला आधी थेट गच्चीवर न्यायचे, तिथून शहर आणि भोवतालचा मुलूख दाखवायचा, आणि मग एकेक मजला उतरत शहर, देश, युरोप, जग असे समजावून द्यायचे. आधी वरून पाहा, मग खाली उतरा. पर्थच्या टेकडीवरचाच हा धडा.

बागांच्या नियोजनाकडे ते वळले ते एका श्रीमंताच्या बालपणीच्या दुःखामुळे. अँड्र्यू कार्नेगी हे अमेरिकेतले पोलादसम्राट मूळचे स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावचे, विणकराचे पोर. गावालगत पिटनक्रीफ नावाची जमीनदाराची रम्य बाग आणि दरी होती. कार्नेगींच्या आजोळच्या मंडळींनी तिथल्या वहिवाटीच्या हक्कासाठी भांडण मांडले, म्हणून त्या घराण्याला बागेचे दार बंद. गावची सगळी मुले आत जात आणि हे पोर बाहेर उभे. पुढे १९०२ मध्ये कार्नेगींनी ती अख्खी जागा विकत घेतली आणि गावाला देऊन टाकली. देखभालीसाठी न्यास नेमला आणि वर्षाला पंचवीस हजार पौंडांचे उत्पन्न बांधून दिले.

या न्यासाने गेडिस यांना आराखडा करायला सांगितले. अपेक्षा अशी, की फुलांचे ताटवे कुठे, कारंजे कुठे, बाके कुठे एवढे त्यांनी सांगावे. गेडिस यांनी १९०४ मध्ये जे हाती दिले तो जाडजूड ग्रंथ निघाला. त्यांनी आधी सगळे गाव पालथे घातले होते, छायाचित्रे काढली होती, गावाचा इतिहास चाळला होता. दरीतला ओढा गटारांनी घाण झाला असेल तर काठावर फुले लावून काय उपयोग, असा त्यांचा हिशेब. म्हणून आधी ओढा स्वच्छ करायचा. बागेला लागून संग्रहालय, कामकऱ्यांची कला शिकण्याची जागा, मुलांच्या खेळाची जागा. बाग म्हणजे गावाच्या कडेला चिकटवलेली ठिगळपट्टी नसून गावाच्या जगण्याचा तो कणा आहे, अशी त्यांची मांडणी होती. विश्वस्त बिचकले. आणखी एका नामांकित उद्यानरचनाकाराकडूनही त्यांनी आराखडा मागवला होता. दोन्ही बासनात गेले.

दुसरा कोणी खचला असता. गेडिस एडिंबरोला परतले आणि त्यांनी मोठ्या बागेचा नाद सोडून लहान जागा मोजायला घेतल्या. १९०९-१० च्या सुमारास त्यांच्या मनोऱ्यातल्या मंडळींनी जुन्या शहरातल्या पडीक, कचऱ्याने भरलेल्या, कोणाच्याच खिजगणतीत नसलेल्या जागांची यादी केली. पडलेल्या घराची चौथरा, दोन चाळींमधली खाच, किल्ल्याखालचा उतार. पंच्याहत्तर जागा निघाल्या. एकूण क्षेत्र सुमारे दहा एकर. दाटीवाटीने गुदमरणाऱ्या वस्तीत दहा एकर मोकळी जमीन होती आणि ती कोणाला दिसतच नव्हती! त्यांची कन्या नोरा बागकाम शिकलेली. तिच्या देखरेखीखाली त्यातल्या काही जागांवर बागा झाल्या आणि वस्तीतली मुले तिथे माती उकरू लागली. एकदोन आजही हिरव्या आहेत.

बँकेत असताना निष्क्रिय खात्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे असे. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या त्या रकमांची बेरीज मांडली, की साहेबसुद्धा चकित होत. गेडिस यांचे पंच्याहत्तर तुकडे वाचले तेव्हा मला त्या याद्या आठवल्या. मात्र व्यवहारात हा माणूस कच्चा. वाडे विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि कर्जात रुतायचे. अखेर मित्रांनी कंपनी काढून त्यांना सोडवले. घरचा हिशेब अ‍ॅनाबाई सांभाळत. माझ्या टेबलासमोर ते कर्ज मागायला आले असते तर मी प्रकरण नामंजूर केले असते, हे कबूल केलेले बरे.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये साठीला टेकलेले गेडिस हिंदुस्थानात आले. शहरांविषयीचे नकाशे, चित्रे, आराखडे यांचे त्यांनी जन्मभर जमवलेले प्रदर्शन मागून बोटीने येत होते. महायुद्ध पेटले होते. ज्या एम्डेन बोटीने मद्रासवर तोफा डागल्या, तिनेच ऑक्टोबरमध्ये ती बोटही बुडवली. सगळी पुंजी समुद्राच्या तळाशी. इंग्लंडमधल्या मित्रांनी धावपळ करून दुसरे साहित्य जमवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांनी इथल्या सुमारे पन्नास शहरांवर अहवाल लिहिले. त्या काळी शहर सुधारणे म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढणे आणि रेघेत येईल ते पाडणे. प्लेगच्या भीतीने हा उद्योग जोरात होता. गेडिस यांनी नकाशा गुंडाळून काखेत मारला आणि ते गल्लीत शिरले. कुठली भिंत पडायला आली आहे, कुठे पार आहे, कुठे विहिरीभोवती बायका थांबतात, याच्या खुणा करत गेले. वैद्याने नाडी पाहिल्याशिवाय शस्त्र उचलू नये, तसे हे. एखादे पडके घर काढायचे, तिथे चौक मोकळा करायचा, झाड लावायचे; बाकी वस्ती जागच्या जागी राहू द्यायची. तंजावरच्या एका वस्तीसाठी सरकारी खात्याची योजना तीस हजार रुपयांची होती. गेडिस यांनी आपल्या पद्धतीचा अंदाज दिला पाच हजारांचा. राहत्या घरांतून माणसे हुसकली जाणार नव्हती, तो फायदा या आकड्यात धरलेलाही नव्हता.

तळी आणि विहिरी बुजवण्याला त्यांचा ठाम विरोध होता. हिवतापाचे कारण सांगून तळी भरून टाकण्याची तेव्हा लाट होती. पाण्यात मासे सोडा, बदके सोडा, काठ स्वच्छ ठेवा, डास आवरतील. पण पाणी गेले तर उन्हाळ्यातला गारवा गेला आणि अडीनडीचा साठाही गेला, असे ते बजावत. घरोघरच्या तुळशी वृंदावनाचे त्यांना फार अप्रूप. अंगणातली ती हातभर जागा म्हणजे जगातली सर्वांत लहान बाग आहे आणि ती राखणारी घरची बाई ही पहिली उद्यान अधीक्षक, हे त्यांनी जाणले होते. एखाद्या परक्या माणसाला हे दिसावे आणि आपल्या सुधारकांना त्यात फक्त सोवळेओवळे दिसावे, याचे नवल वाटते.

मग १९१७ साल उजाडले. थोरला मुलगा अलास्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर होता. बापाचा तो उजवा हात. प्रदर्शने मांडण्यात त्याचाच पुढाकार असे. एप्रिलमध्ये तो मारला गेला. अ‍ॅनाबाई त्या वेळी इथे तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना ही बातमी सांगायची कशी? गेडिस यांनी ती सांगितलीच नाही. मुलाची जुनी पत्रे ते आजारी पत्नीला वाचून दाखवत राहिले, असे चरित्रकार लिहितात. जूनमध्ये कलकत्त्याला त्या गेल्या, मुलगा आधीच गेला आहे हे न कळता.

आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत हा माणूस इंदूरमध्ये होता. होळकरांच्या त्या मराठी दरबाराने त्यांना शहराची पाहणी करायला बोलावले होते. गावात प्लेग होता. गेडिस यांनी एक दिवसाचे राजेपण मागून घेतले, अशी कथा आहे. त्यांनी दवंडी पिटवली, की यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जी आळी सर्वांत स्वच्छ, तिथून ती जाईल. इंदूरकर कामाला लागले. गाडे भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत रोगराईचा राक्षस होता, प्लेगचा महाकाय उंदीर होता, शुभ्र कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालत होते, आणि शेवटी घरोघर तुळशीची रोपे वाटली गेली. पाच-सहा महिन्यांपूर्वी ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याने दुसऱ्यांच्या घरांसाठी हा सण मांडला. १९१८ च्या इंदूर अहवालात नद्यांची स्वच्छता आहे, काठाने बागा आहेत, शाळा आणि ग्रंथालयेही आहेत.

नागपूर नगरपालिकेसाठीही त्यांनी याच सुमारास अहवाल लिहिला. नागपूर तर बागांचे आणि तळ्यांचे गाव. भोसल्यांची महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सक्करदरा. अंबाझरी, फुटाळा, शुक्रवारी, सोनेगाव ही तळी. राजांनी ती आपल्या हौसेने आणि गरजेने केली, पण त्यांची फळे पुढच्या पिढ्यांनी खाल्ली. नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ मध्ये झाला, तोवर गेडिस हयात नव्हते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडली, नाग नदी घरांत शिरली आणि माणसे दगावली, तेव्हा मला हा जुना पाहुणा आठवला. नदीच्या काठाला तिची जागा मोकळी सोडा हे सांगणारी माणसे होऊन गेली होती. ऐकून घेणाऱ्यांना मात्र घाई होती.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना हेरून विलायतेला धाडण्याची शिफारस त्यांचीच. १९२४ मध्ये घुर्ये परतून विभागप्रमुख झाले आणि मोठे समाजशास्त्रज्ञ म्हणून गाजले. गेडिस यांचे वक्तृत्व म्हणजे दाढीत हरवणारा ओघ. एका विषयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात. हाती घेतलेले पुरे होण्याआधी नवे घ्यायचे हा त्यांचा दोषच. इथले बहुतेक अहवाल कपाटात पडून राहिले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला, तो मात्र बराचसा उतरला. घरांचे मोठे चौकोन आणि प्रत्येकाच्या पोटात एक लहान बाग. अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समधल्या माँपेलिएला काढली. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला ते गेले.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, देशातला पहिला. महाराष्ट्राचा सध्याचा कायदा १९६६ चा. शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, क्रीडांगणासाठी आरक्षण पडते. पण दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावरही मुदतीत हालचाल झाली नाही, तर ते आरक्षण उठते. मालकाला अनंतकाळ टांगून ठेवू नये हे न्यायाचेच आहे. पण याचा अर्थ असा, की आज रंगवलेला हिरवा ठिपका दहा वर्षे पैशांची आणि पाठपुराव्याची वाट पाहतो, आणि मग अनेकदा पुसला जातो. बागेची मुदत ठेव करायची तर हप्ते भरावे लागतात. नुसते खाते उघडून भागत नाही.

आणि खेड्याला तर हिरवा ठिपकाही नाही. केळझरसारख्या गावापाशी डोंगर आहे, कुंड आहे, जंगल जवळ आहे, मग वेगळी बाग कशाला, असे आपण समजतो. वास्तविक गेडिस यांनी शहराचा विचार कधी वेशीपाशी थांबवला नाही. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतचे नदीचे खोरे हा त्यांचा नकाशा. माथ्यावर लाकूडतोड्या, उतारावर गुराखी, खाली शेतकरी, टोकाला शहर. एकाचे बिघडले की सगळ्यांचे बिघडते. केळझरच्या टेकडीवरून तेच चित्र दिसते. बोरला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगलाचे निदान कागद तरी झाले. मधल्या पट्ट्याचे काय? गुरे जमण्याचा आखर, गायरान, पांदण, नाल्याचा काठ, झुडपी जंगल. झुडपी म्हणून हिणवलेल्या जमिनी वनच मानायच्या, हे सांगायला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. तोवर पूर्व विदर्भातल्या या जमिनी म्हणजे ज्याला जे हवे ते बांधायची मोकळी जागा, असाच बहुतेकांचा समज होता.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. शाळेतली दहावीस मुले, तलाठ्याकडचा नकाशा, गावातले दोन जाणते म्हातारे आणि एक रविवार. आधी टेकडीवर चढायचे आणि गाव पाहायचे. मग खाली उतरून एकेक जागा मोजायची: ही कोणाची, इथे पाणी कुठून येते, कोण बसते, कोण बसू शकत नाही. कारण पिटनक्रीफच्या दारात उभे राहिलेले पोर आपल्याही गावात असते. कोणत्या ओट्यावर कोणाला बसू दिले जात नव्हते, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असते. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची आणि पुढल्या पन्नास वर्षांत त्यातले काय विकायचे नाही ते ठरवायचे.

गेल्या चतुर्थीला मी पुन्हा टेकडीवर गेलो होतो. उतरताना एका आजीबाई नातवाला घेऊन सावली शोधत होत्या. पायथ्याला एका कडुनिंबाखाली त्यांनी पदर पसरला आणि डबा उघडला. ते झाड नेमके कोणाच्या हद्दीत येते, हे मी तिथल्या दुकानदाराला विचारले. त्याला सांगता आले नाही. यादीत पहिली नोंद तीच करावी, असे मनात आले.